सुडो 1.9: कुलूप पक्कं, घोळ नियमांच्या फाइलीत

सुडो म्हणजे साध्या युजरला दुसऱ्याच्या, सहसा रूटच्या (मशीनवर सगळे अधिकार असलेल्या खात्याच्या), नावाने कमांड चालवू देणारा प्रोग्रॅम. लिनक्सच्या बहुतेक मशीनवर आणि प्रत्येक मॅकवर सुडो आधीच बसवलेलं असतं. आयत्या मिळालेल्या वस्तूचं परीक्षण कुणी वाचत बसत नाही. पण मशीनवर कोणाला काय करू द्यायचं हे रोज हाच प्रोग्रॅम ठरवतो, तेव्हा तो ते कसं ठरवतो हे एकदा तरी नीट बघायला हवं. निकाल आधीच सांगतो: लिहून दिलेला नियम पाळण्यात सुडो चोख आहे. पण नियम लिहायची त्याची भाषा अशी आहे की अरुंद दिसणारी परवानगी पुष्कळदा थेट रूटची परवानगी निघते, आणि सुडो त्यावर चकार शब्द काढत नाही. पाचपैकी साडेतीन तारे. कापलेला दीड तारा जवळजवळ सगळा या भाषेच्या खात्यावर.

सुडोचा जन्म 1980 च्या सुमारास बफेलो इथल्या न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात झाला. ते बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी लिहिलं, आणि गेली तीसेक वर्षं टॉड मिलर सांभाळत आले आहेत. हे वय लक्षात ठेवावं, कारण भाषेतल्या बऱ्याच खोडी जुन्या काळापासून चालत आल्या आहेत.

सुडोचे नियम सुडोअर्स नावाच्या फाइलीत असतात. तिच्यातली एक ओळ चार प्रश्नांची उत्तरं देते: कोण, कुठल्या मशीनवर, कोणाच्या नावाने, कोणती कमांड. देवनागरीत उतरवली तर ती अशी दिसेल:

%डिप्लॉय ऑल = (रूट) नोपासवर्ड: /यूएसआर/बिन/सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एनजिनएक्स

टक्क्याचं चिन्ह म्हणजे ग्रुप. बरोबरच्या चिन्हाआधीचा ‘ऑल’ म्हणजे कुठलंही मशीन. कंसात कोणाच्या नावाने चालवायचं ते, आणि त्यापुढे हवा असेल तर टॅग (इथला टॅग म्हणजे पासवर्ड विचारू नको). शेवटी कमांडचा पूर्ण पाथ आणि आर्ग्युमेंट, म्हणजे कमांडपुढे लिहायचे शब्द. ही ओळ चांगली आहे: सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमसीटीएलला ती फक्त एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रीस्टार्ट करू देते. एकच काम, एकच सर्व्हिस, आर्ग्युमेंट ठरलेली. सुडोबद्दलच्या तक्रारी सुरू होतात त्या या ओळीतून शेवटचे दोन शब्द खोडले की.

पाथनंतर काहीच लिहिलं नाही, तर सुडोच्या हिशेबी त्याचा अर्थ ‘कुठलीही आर्ग्युमेंट चालतील’ असा होतो. नवख्या माणसाला नेमकं उलटं वाटतं. आर्ग्युमेंट अजिबात चालू द्यायची नसतील तर पाथपुढे रिकामी दुहेरी अवतरणचिन्हं द्यावी लागतात. म्हणजे वरच्या ओळीत नुसता सिस्टिमसीटीएलचा पाथ ठेवला, तर ग्रुपमधला कोणीही स्वतः लिहिलेली सर्व्हिस फाइल लिंक करून सुरू करू शकतो, आणि ती रूट म्हणून चालते. हेतू एनजिनएक्स रीस्टार्ट करू देण्याचा होता, दिलं गेलं अख्खं मशीन.

याहून फसवं प्रकरण वाइल्डकार्डचं, म्हणजे कुठल्याही मजकुराला चालणाऱ्या चिन्हाचं. समजा सपोर्टच्या लोकांना ॲपचे लॉग वाचू द्यायचे आहेत. हात आपोआप लिहितो: कॅट, आणि पुढे /व्हार/लॉग/ॲप/ या फोल्डरमागे एक फुली, म्हणजे *. शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, फुली स्लॅश ओलांडत नाही. सुडोअर्समध्येही कमांडच्या पाथमधली फुली स्लॅश ओलांडत नाही. पण आर्ग्युमेंटमधली फुली सगळं ओलांडते, स्लॅशही आणि स्पेसही. कारण साधं आहे: तुलना करण्याआधी सगळी आर्ग्युमेंट एका सलग ओळीत जोडली जातात आणि फुली त्या ओळीवर चालते. त्यामुळे एक खरी लॉग फाइल, मग स्पेस, मग /ईटीसी/शॅडो (पासवर्डचे हॅश ठेवणारी फाइल), अशी कमांड या नियमात बसते. दोन टिंबं आणि स्लॅश असे तीनदा देऊन वर चढलं तरी बसते. पासवर्डचे हॅश बाहेर, आणि लॉगमध्ये नोंद रीतसर मंजूर कमांडची.

1.9.10 या आवृत्तीपासून याला बरा इलाज मिळाला: रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे कुठली अक्षरं चालतील हे नेमकं सांगणारा नमुना. सुरुवातीला ^ आणि शेवटी $ असेल तरच ते रेग्युलर एक्स्प्रेशन समजलं जातं. दोन्हींपैकी एक विसरलं की सुडो त्याला जुन्या पद्धतीने वाचतं आणि नियम गुपचूप लागूच होत नाही. अक्षरांच्या यादीत फक्त छोटी अक्षरं, आकडे आणि हायफन ठेवावेत. स्लॅश आणि स्पेस नको. फाइलीच्या शेवटी येणाऱ्या ‘.लॉग’मधल्या टिंबाआधी उलटा स्लॅश द्यावा, नाहीतर ते टिंब कुठल्याही अक्षराला चालतं.

आणि एवढं करूनही लॉगचं उदाहरण पूर्ण सुटत नाही. त्या फोल्डरात ॲपच्या युजरला लिहिता येत असेल, तर तो तिथे /ईटीसी/शॅडोकडे बोट दाखवणारी सिमलिंक ठेवू शकतो. नाव नियमात बसतं, आणि कॅट रूट म्हणून तिच्यामागे जातं. सुडो नाव तपासतं, नावामागे काय आहे ते नाही. लॉग वाचायला द्यायचे असतील तर सुडो हे हत्यारच चुकीचं. फोल्डरला वाचनापुरता ग्रुप किंवा एसीएल (कोणाला काय करता येईल याची फोल्डरवरची यादी) द्यावा, काम तिथेच संपतं.

हीच मर्यादा एडिटर आणि पेजरच्या (लांब मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या, लेससारख्या प्रोग्रॅमच्या) बाबतीत जास्त महागात पडते. व्हीआयला एका विशिष्ट फाइलीपुरती परवानगी दिली, तरी आत गेल्यावर कोलन आणि उद्गारचिन्हाने रूटचं शेल उघडतं. लेसमध्ये नुसतं उद्गारचिन्ह पुरतं. फाइंडला एक्झेक आहे, ऑकला सिस्टिम आहे, टारला चेकपॉइंटची कृती आहे. सिस्टिमसीटीएलचं स्टेटस निरुपद्रवी वाटतं, पण आउटपुट लांब असलं की ते लेस उघडतं. सिस्टिमडी 247 च्या आधी तिथूनही शेल मिळत असे. 247 पासून अशा वेळी लेस सुरक्षित मोडमध्ये चालवलं जातं. एखाद्या कमांडला परवानगी देण्याआधी जीटीएफओबिन्स या, अशा पळवाटा असलेल्या प्रोग्रॅमच्या यादीत तिचं नाव शोधावं. दोन मिनिटांचं काम आहे. नाव सापडलं तर ती कमांड म्हणजे रूट असं धरून चालावं. कंटेनर चालवणारं डॉकरही त्यातच आलं: होस्टचं मूळ फोल्डर कंटेनरमध्ये माउंट केलं की झालं.

नोएक्झेक नावाचा टॅग दुसरा प्रोग्रॅम चालवणं अडवतो, म्हणून लोक व्हीआयला तो लावून निश्चिंत होतात. शेल उघडत नाही हे खरं, पण त्याच व्हीआयमधून दुसरी फाइल उघडून लिहिता येते, आणि ती /ईटीसी/शॅडो असली तरी कोणी अडवत नाही. हे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

फाइल बदलू द्यायची असेल तर सुडोएडिट वापरावं. सुडोच्या अख्ख्या पेटीतली ही सगळ्यात हुशार वस्तू आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी. ते मूळ फाइलीची तात्पुरती प्रत काढतं, एडिटर युजरच्याच अधिकारात चालवतं, आणि बंद केल्यावर बदललेली प्रत परत जागेवर ठेवतं. एडिटरमधून शेल उघडलं तरी ते युजरचंच असतं. सिमलिंक ते मुळात स्वीकारत नाही, आणि युजरला लिहिता येणाऱ्या फोल्डरातली फाइलही बदलू देत नाही. नियम लिहिताना सुडोएडिट या शब्दाआधी पाथ लावायचा नाही, कारण ते सुडोच्याच पोटात आहे. पुढे मात्र फाइलीचा पूर्ण पाथ हवा. एक डाग त्यालाही आहे: सीव्हीई-2023-22809 (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-दोषाचा क्रमांक). एडिटर ठरवणाऱ्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये दोन हायफन घालून जास्तीची फाइल उघडता येत होती. 1.9.12पी2 मध्ये ते बुजवलं.

नकाराचं चिन्ह, म्हणजे उद्गारचिन्ह, सुडोअर्समधून काढूनच टाकायला हवं होतं. ‘सगळं चालेल, फक्त शेल नको’ असा नियम लिहिता येतो आणि वाचायला झकास वाटतो. पण शेलच्या फाइलीची दुसऱ्या नावाने प्रत काढली की नकार गेला, कारण तो नावापुरता होता. सुडोच्या मॅन पेजमध्येही हा इशारा आहे. कंसातल्या नकाराचं उदाहरण त्याहून बोलकं: ‘रूट सोडून कोणाच्याही नावाने चालवा’ असा नियम असताना युजर आयडी म्हणून वजा 1, किंवा 4294967295, दिला तर कमांड रूट म्हणून चालत होती. ती सीव्हीई-2019-14287, दुरुस्ती 1.8.28 मध्ये. तो बग गेला, पण नकारावर उभा राहिलेला नियम कच्चाच असतो.

मग नेमकी परवानगी द्यायची कशी? ज्या कामाला दोनपेक्षा जास्त आर्ग्युमेंट बदलती लागतात, त्याला छोटी रॅपर स्क्रिप्ट लिहावी. मालक रूट, परवानग्या 0755 (बदलणं फक्त मालकाला, वाचणं-चालवणं सगळ्यांना), जागा /यूएसआर/लोकल/एसबिन. तिच्या वरचं प्रत्येक फोल्डर रूटचंच हवं. स्क्रिप्ट रूटची पण फोल्डर डिप्लॉय युजरचं, असं असेल तर तो फाइलीचं नाव बदलून त्या नावाची आपली स्क्रिप्ट ठेवून देतो. आत प्रत्येक कमांडचा पूर्ण पाथ द्यावा, आर्ग्युमेंट ठरलेल्या यादीशी ताडून बघावं, आणि जुळलं नाही तर बाहेर पडावं. पायथनमध्ये लिहिली तर हायफन मोठा आय देऊन आयसोलेटेड मोडमध्ये चालवावी, नाहीतर स्क्रिप्टच्या फोल्डरातलं मॉड्यूल आधी उचललं जातं. सुडोअर्समध्ये कमांडला एसएचए-256 डायजेस्टही, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ठसा, जोडता येतो. स्वतःच्या स्क्रिप्टला तो चांगला, पॅकेजमधून येणाऱ्या प्रोग्रॅमला नको: पुढच्या अपडेटला डायजेस्ट बदलतो आणि नियम अचानक नाकारायला लागतो.

क्रमाबद्दल. जुळणाऱ्या नियमांपैकी शेवटचा लागू होतो. फायरवॉलच्या बहुतेक याद्या वरून पहिला जुळलेला नियम घेतात, त्यामुळे त्या सवयीचा माणूस इथे हमखास अडकतो. नेहमीचं लक्षण असं: पासवर्ड न विचारणारा नियम लिहिला, तरी पासवर्ड विचारला जातोच. कारण युजर सुडो ग्रुपमध्येही आहे आणि ग्रुपची ‘सगळं चालेल’ ही ओळ त्या नियमाच्या खाली आहे. खास नियम नेहमी खाली ठेवावा. डेबियन आणि उबुंटूमध्ये सुडोअर्स-डी या फोल्डरातल्या फाइली शेवटी वाचल्या जातात, म्हणून तिथे ठेवलं तर हा प्रश्न येत नाही.

त्या फोल्डराची मात्र वेगळी खोड आहे. नावात टिंब असलेली किंवा ~ ने संपणारी फाइल सुडो वाचतच नाही. ना एरर, ना लॉग. पॅकेज मॅनेजरने मागे ठेवलेल्या जुन्या प्रती चुकून लागू होऊ नयेत म्हणून ही सोय. पण ‘डिप्लॉय.कॉन्फ’ असं नाव दिलेली, किंवा युजरनेममध्ये टिंब असताना तेच फाइलीला दिलेलं, असा नियम कधीच लागू होत नाही, आणि शोधणारा अर्धा दिवस सिंटॅक्स तपासत बसतो. फाइली नावाच्या अक्षरक्रमाने वाचल्या जातात, अंकांच्या किमतीने नव्हे. 10 ने सुरू होणारी फाइल 9 च्या आधी येते, म्हणून 09 लिहावं. आणखी एक सापळा: जुन्या फाइलींत हे फोल्डर जोडणारी ओळ # ने सुरू होते. ती कॉमेंट वाटते, पण नाही. कोणी ‘साफसफाई’ करताना उडवली की सगळे नियम गेले. 1.9.1 पासून तिथे @ चालतो. तोच वापरावा.

सुडोअर्स फाइल बदलायची ती तिच्यासाठीच्या व्हिसुडो या कमांडनेच. ते फाइल लॉक करतं, जतन करण्याआधी सिंटॅक्स तपासतं, आणि चूक सापडली तर ‘आता काय’ असं विचारतं. तिथे छोटा ई म्हणजे पुन्हा संपादन, छोटा एक्स म्हणजे न जतन करता बाहेर, मोठा क्यू म्हणजे चुकीसकट जतन. क्यूपुढे धोक्याचा इशारा छापलेला असतो, तरी व्हीआयच्या सवयीने बोट तिकडेच जातं. जुन्या आवृत्तींत एक तुटकी ओळ सगळ्यांचं सुडो बंद पाडायला पुरत असे. 1.9.3 पासून पार्सर ती ओळ सोडून पुढे जातो. सुधारणा चांगली आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये: बदल करताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये रूटचं शेल उघडं ठेवावं आणि तिसऱ्यात नियम चालवून बघावा. व्हिसुडोला हायफन सी दिलं की तो सगळ्या जोडलेल्या फाइली तपासतो, मालकी आणि परवानग्यांसकट. न वापरलेल्या किंवा न सापडणाऱ्या एलियसबद्दल (फाइलीतल्या याद्यांना दिलेल्या नावांबद्दल) तो सांगतो. युजरनेमचं स्पेलिंग चुकलं असेल तर गप्प राहतो.

एकदा दिलेला पासवर्ड सुडो किती वेळ पुन्हा विचारत नाही, ती मुदत मुळात 5 मिनिटं आहे. डेबियन आणि उबुंटू ती 15 करून देतात. प्रत्येक टर्मिनलची नोंद वेगळी, म्हणून नव्या खिडकीत पुन्हा विचारलं जातं. मुदत 0 केली की दर वेळी विचारतं. ऋण आकडा दिला तर कधीच संपत नाही, हा पर्याय कशाला ठेवलाय कोण जाणे. काम झाल्यावर हायफन के देऊन नोंद रद्द करावी.

परवानगी काढून घेताना मात्र जपून. लिनक्सवर सुडो ग्रुपची यादी सहसा चालू सेशनमधून घेतं. म्हणूनच ग्रुपमध्ये घातलेल्या माणसाला बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावं लागतं. आणि म्हणूनच ग्रुपमधून काढलेल्या माणसाच्या उघड्या सेशनमध्ये सुडो चालूच राहतं. टीमक्समध्ये (टर्मिनल बंद झालं तरी सेशन चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) महिनाभर जिवंत असलेलं सेशनही त्यात आलं. ग्रुपमधून नाव काढलं की त्या युजरच्या प्रोसेस संपवणं ही त्याच कामाची दुसरी अर्धी बाजू आहे.

एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रोग्रॅमला सोबत मिळणारी व्हेरिएबल, सुडो मुळातच झाडून पुसून देतं आणि हे योग्यच आहे. प्रॉक्सीचं व्हेरिएबल हरवलं म्हणून सगळं एन्व्हायर्नमेंट जपणारा हायफन मोठा ई सरसकट लावू नये. हवं ते एकच व्हेरिएबल एन्व्ह-कीप या जपायच्या यादीत घालावं. एलडी-प्रीलोड तिथे कधीच नको, ते प्रोग्रॅममध्ये बाहेरचा कोड घुसवतं. ‘सुडो सीडी’ चालत नाही कारण सीडी हा प्रोग्रॅम नाही, शेलचा भाग आहे. आणि इकोपुढे > लावून रूटच्या फाइलीत लिहिता येत नाही, कारण फाइल सुडो सुरू होण्याआधी तुमचं शेल उघडतं. तिथे टी ही कमांड वापरावी.

नोंदी हा सुडोचा पक्का गुण. कोणत्या टर्मिनलवरून, कुठल्या फोल्डरातून, कोणाच्या नावाने, कोणती कमांड, सगळं एका ओळीत येतं. पण ‘सुडो हायफन आय’ केलं की नोंद एकच पडते: शेल उघडलं. पुढे तासभर त्यात काय झालं ते नाही. इनपुट-आउटपुटची नोंद चालू केली तर सेशन सुडोरिप्लेने चित्रफितीसारखं पुन्हा बघता येतं, आणि 1.9.8 पासून आत चालवलेल्या कमांडही नोंदवता येतात. मात्र ज्याला मशीनवर पूर्ण रूट आहे तो त्याच मशीनवरच्या नोंदी पुसू शकतो. त्यासाठी 1.9 मालिकेत वेगळा लॉग सर्व्हर आला. तो साधा 30343 आणि टीएलएसने (म्हणजे कूटबद्ध जोडणीने) 30344 या पोर्टवर ऐकतो. नोंदी गंभीरपणे हव्या असतील तर तो दुसऱ्या मशीनवर, आणि टीएलएसनेच लावावा. परवानगी नसलेल्याला दिसणारा ‘ही घटना कळवली जाईल’ हा प्रसिद्ध दम मात्र पुष्कळदा पोकळ असतो: तो रूटच्या नावाने मेल धाडतो, आणि मशीनवर मेलची व्यवस्थाच नसेल तर ते कुठेच पोहोचत नाही.

आता तारे कापायला लावणारी दुसरी गोष्ट. सुडो सेटयूआयडी आहे, म्हणजे कोणीही चालवलं तरी ते सुरू होतं रूट म्हणूनच, आणि परवानगी आहे का हे त्यानंतर तपासतं. कोड मोठा, पर्याय भरमसाट. त्यामुळे तपासणीच्या आधीच्या कोडमध्ये बग निघाला की सुडोअर्स फाइल कितीही नीट असून उपयोग नाही. सीव्हीई-2021-3156 तसाच होता. क्वालिसने जानेवारी 2021 मध्ये जाहीर केलेला हा हीप ओव्हरफ्लो (मेमरीतल्या ठरलेल्या जागेबाहेर लिहिलं जाणं) कोडमध्ये जुलै 2011 पासून बसला होता, आणि तो वापरायला सुडोअर्समध्ये नाव असण्याचीही गरज नव्हती. दुरुस्ती 1.9.5पी2 मध्ये. जुन्या मशीनवर तपासायचं तर साध्या युजरने सुडोएडिटला हायफन एस आणि एक स्लॅश द्यावा: ‘सुडोएडिट’ने सुरू होणारी एरर आली तर मशीन उघडं आहे, ‘यूसेज’ने सुरू होणारा मजकूर आला तर दुरुस्त.

जून 2025 च्या अखेरीस आणखी दोन जाहीर झाले. सीव्हीई-2025-32463 मध्ये सीएचरूटचा (कमांडसाठी मूळ फोल्डर बदलण्याचा) पर्याय वापरून कोणताही स्थानिक युजर रूट होऊ शकत होता. 1.9.14 ते 1.9.17 या आवृत्ती त्यात सापडल्या. दुसरा, 32462, होस्टच्या पर्यायात: दुसऱ्या मशीनसाठी लिहिलेला नियम या मशीनवर लागू करून घेता येत होता. एकच सुडोअर्स फाइल सगळ्या मशीनवर पाठवून मशीनप्रमाणे परवानग्या वेगळ्या ठेवणाऱ्यांना फटका नेमका इथे. दोन्हींची दुरुस्ती 1.9.17पी1. वितरणं दुरुस्ती जुन्या आवृत्तीतच मागे लावतात, त्यामुळे नुसता आकडा बघून घाबरू नये, पॅकेजचा चेंजलॉग बघावा.

सुडोऐवजी वापरता येणाऱ्या प्रोग्रॅमपैकी डूअॅस सगळ्यात सुबक. ते ओपनबीएसडी 5.8 मधून 2015 साली आलं. कॉन्फिग चार-पाच ओळींत संपतं, वाचताना इंग्रजी वाक्यासारखं वाटतं, आणि कोड सुडोच्या मानाने चिमुकला. पण आर्ग्युमेंट न लिहिली तर सगळी चालतात ही खोड तिथेही आहे, आणि इथेही शेवटचा नियम जिंकतो. नोंदींची ती श्रीमंती नाही, सुडोएडिट नाही. एकट्याच्या मशीनला तेच घ्यावं.

सुडो-आरएस हे सुडोचं रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतलं नवं लेखन. उबुंटू 25.10 मध्ये सुडो म्हणून आधीपासून तेच बसवलेलं येतं. मेमरीचे बग त्याने टळतात, म्हणजे 2021 सारखे. नियमांचे घोटाळे टळत नाहीत. तरी आर्ग्युमेंटमधल्या वाइल्डकार्डना त्याच्या लेखकांनी फाटा दिला, हे या परीक्षणातलं अर्धं दुखणं बरं करतं. जुनी सुडोअर्स फाइल घेऊन तिकडे जाणार असाल तर आधी फुल्या शोधून काढाव्यात. सिस्टिमडी 256 मधलं रन-झिरो सेटयूआयडी टाळून सर्व्हिस मॅनेजरकडूनच प्रोसेस सुरू करून घेतं आणि परवानगी पोलकिट या वेगळ्या परवानगी-सेवेला विचारतं. रूट असताना टर्मिनलची पार्श्वभूमी लालसर होते, कल्पना छान. पण सुडोअर्ससारखी कमांडची यादी त्यात नाही, त्यामुळे हे कौतुक पूर्ण रूट हवं असणाऱ्यांपुरतंच.

पन्नासेक मशीनच्या वर गेलं की फाइली पाठवण्याऐवजी नियम एलडॅपमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनच्या सामायिक डिरेक्टरीत, ठेवणं परवडतं. तिथे ओळींचा क्रम नसतो. सुडोऑर्डर नावाचा आकडा असतो आणि मोठा आकडा जिंकतो. मधे एसएसएसडी (डिरेक्टरीतली माहिती मशीनवर आणून ठेवणारा प्रोग्रॅम) असेल तर तो नियम साठवून ठेवतो: नवे-बदललेले साधारण 15 मिनिटांनी बघतो, पूर्ण यादी 6 तासांनी. त्यामुळे काढून टाकलेला नियम त्याच क्षणी निघत नाही. घाईचं असेल तर मशीनवर जाऊन कॅशे रिकामा करावा लागतो.

आहे त्या मशीनची झाडाझडती घ्यायची तर सुडोला हायफन एल, हायफन मोठा यू आणि युजरनेम द्यावं. त्या माणसाला लागू होणारे सगळे नियम, कुठल्याही फाइलीत असोत, एकत्र दिसतात. त्यापुढे एखादी कमांड आर्ग्युमेंटसह लिहिली तर ती चालेल का एवढंच कळतं, प्रत्यक्षात चालवली जात नाही. नवा नियम लिहिला की हाच प्रयोग दोनदा करावा: एकदा चालायला हवी त्या कमांडवर, आणि एकदा तीच कमांड घेऊन पुढे एक स्पेस आणि /ईटीसी/शॅडो जोडून. दुसऱ्या वेळीही पाथ छापून आला, तर नियम पुन्हा लिहायचा.